लिटर मोजता, बाईचे तास कोण मोजणार?

दर्यापूरकडच्या एका गावात बैठक होती. विषय होता आरोग्य. पण खारपाणपट्ट्यात आरोग्याचा विषय काढला की बोलणे पाण्यावर जातेच. एक जण म्हणाली, "आमच्या पान्यात दाय शिजत नाही ताई, साबनाले फेस येत नाही. आता तं पोरी द्याले बी लोकं मांगंपुढं पाह्यतात."

त्याच बैठकीत एका तरुण इंजिनिअरने उन्हावर खारे पाणी गोडे करणारी पेटी दाखवली. काळ्या तळाची उथळ टाकी, वर तिरपी काच. उन्हाने पाणी तापते, वाफ काचेला लागून थेंब होते, थेंब काचेवरून ओघळून पन्हाळीत जमतात आणि मीठ तळाशी राहते. "दर चौरस मीटरला दिवसाला तीन लिटर," तो अभिमानाने म्हणाला. मागून प्रश्न आला, "हे भरन कोन? काच पुसन कोन? अन् मी वावरात गेली तं?"

तो हसला. म्हणाला, "एवढंच ना? बाया करतील." या लेखात मला या "एवढंच ना"शी भांडायचे आहे.

आधी आपल्या पट्ट्याविषयी. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा प्रदेश आहे. जवळपास ९०० गावे त्यात येतात. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांची नावे घेतली की वऱ्हाडातल्या बाईला पुढचे सांगावे लागत नाही. जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. ती मर्यादाही न पाळणाऱ्या विहिरी या पट्ट्यात आहेत. मूत्रपिंडाच्या आजाराची तक्रार गावे वर्षानुवर्षे करत आली. कारण क्षार की आणखी काही, हा वाद तज्ज्ञांनी घालावा. वाद मिटेपर्यंत पाणी पिणे थांबवता येत नाही.

धरणांवरून ८४ खेडी, ६४ खेडी अशा मोठ्या नळयोजना झाल्या. २०१९ मध्ये जलजीवन मिशन आले, माणशी रोज ५५ लिटरचे आश्वासन आले. पण कागदावर जोडणी मोजली जाते. शेवटच्या गावातल्या शेवटच्या घरात नळ किती दिवसांनी येतो, हे तिथल्या बाईलाच ठाऊक असते. मधल्या दिवसांत पैसेवाले पाण्याचे कॅन घेतात. ज्यांना ते परवडत नाहीत त्या खारे पाणी पितात, नाहीतर डोक्यावर हंडा घेऊन चालतात.

म्हणून मी सौरपेटीच्या विरोधात नाही. आपल्यातल्या काही मैत्रिणी म्हणतात, ही पेटी म्हणजे सरकारची पळवाट आहे, हात लावू नका. त्यांचा राग खरा आहे. पण मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो, ऊन आणि खारे पाणी दोन्ही दारात फुकट आहे. वीज नाही, मोटर नाही. क्षारांबरोबर फ्लोराइड आणि नायट्रेटही तळाशी राहते. घरगुती आरओ यंत्र एक लिटर गाळताना दोन-तीन लिटर खारवणी नालीत सोडते, शिवाय त्याला वीज लागते आणि जाळी बदलायला पैसे. मग पेटी का नाकारायची?

हे तंत्र नवेही नाही. १८७२ मध्ये चिलीतल्या लास सालिनास इथल्या सोराखाणीसाठी काचेखालच्या अशाच टाक्यांतून दिवसाला २०,००० लिटरहून जास्त गोडे पाणी काढले जात होते. आपल्याकडे १९७८ मध्ये भावनगरजवळ अवानिया गावात दिवसाला ५,००० लिटरचा प्रकल्प उभा राहिला. नफ्याची खाण चालवायची होती तेव्हा दीडशे वर्षांपूर्वी काच परवडली. आज गरीब बाईच्या घोटभर पाण्याचा प्रश्न आला की "महाग पडते" असे उत्तर मिळते.

आता हिशेब करू. हिशेब आपल्याला आलाच पाहिजे, नाहीतर कोणीही आकडे फेकून गप्प बसवतो. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६५ युनिट ऊर्जा लागते. चांगल्या दिवशी एक चौरस मीटरवर पाच-सहा युनिट ऊन पडते. म्हणजे सगळे ऊन कामी आले तर आठ-नऊ लिटर. मिळतात तीन. उरलेली उष्णता तळातून, बाजूंतून आणि काचेतून निघून जाते. सुधारणेला जागा आहे ती इथे. पाण्याचा थर दोन सेंटिमीटरच ठेवायचा, कारण उथळ पाणी लवकर तापते. तळात काळे केलेले गोणपाट अंथरायचे. तळाखाली आणि बाजूंना उष्णता धरणारा थर द्यायचा. काचेच्या फटी पक्क्या बुजवायच्या, कारण फटीतून वाफ जाते.

अभियांत्रिकी महाविद्यालयांत यापुढची संशोधने होतात. मेण भरून रात्रीसाठी उष्णता साठवतात, पाण्यात सूक्ष्म कण मिसळतात. उत्पन्न इतके टक्के वाढले असे प्रबंध निघतात. वाढू दे. पण पाच माणसांच्या घराला नुसत्या पिण्यासाठी रोज १५ लिटर, म्हणजे पाच चौरस मीटर काच लागते. ती भरणे, तळाचे मीठ धुऊन काढणे, धूळ पुसणे याला रोज २० मिनिटे धरा. वर्षाचे १२० तास झाले. आठ तासांचा दिवस धरला तर १५ दिवसांची मजुरी. ही मजुरी कुठल्या प्रबंधात खर्च म्हणून लिहिली आहे? "स्वस्त पाणी" म्हणतात ते स्वस्त होते, कारण बाईचे श्रम शून्य रुपयाने लावलेले असतात.

हे आपण आधी पाहिले आहे. १९८०च्या दशकात अनुदान देऊन सूर्यचुली वाटल्या, निर्धूर चुली बांधल्या. भर दुपारी बाई निंदणाला गेलेली, सूर्यचूल फिरवायला घरी कोण? कित्येक पेट्यांत पुढे धान्य आणि कपडे ठेवले गेले. मग अहवालात लिहिले, "महिलांमध्ये जागृतीचा अभाव." अभाव बाईला विचारण्याचा होता.

म्हणून सुधारणा कशाला म्हणायचे, ते आपण सांगू. पेटी कमरेच्या उंचीवर हवी. शेजारी उंचावर टाकी, एक तोटी उघडली की सकाळी पेटी आपोआप भरावी आणि जादा पाणी बाहेर पडावे. मीठ काढायला तळाशी रुंद बूच हवे. लिटरला तीन ग्रॅम क्षार धरले तरी रोजच्या १५ लिटरमागे वर्षाला १६ किलो मीठ निघते. ते वावरात किंवा विहिरीजवळ फेकायचे नाही, त्यासाठी गावाने जागा ठरवावी. गारपिटीने काच फुटली तर गावातल्याच गवंड्याला बसवता यावी. आणि त्याच काचेवरचा पाऊस धरावा. पाच चौरस मीटरवर ७५० मिलिमीटर पाऊस पडला तर सांडलवंड सोडून ३,००० लिटर होतो. पाच माणसांचे सहा महिन्यांचे पिणे! पावसाळ्यात पेटी मंदावते, ती कसर इथे भरून निघते. फक्त साठवायला टाकी हवी, आणि अनुदानाच्या यादीत नेमकी ती नसते.

आणखी एक प्रश्न. पाच चौरस मीटर उन्हाची जागा कोणाकडे? ज्यांना गच्ची आहे त्यांच्याकडे. गावकुसाकडच्या भूमिहीन बाईचे अंगण खाटेएवढे. पाणी जातीने वाटले गेले होते म्हणून १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर जावे लागले. आता तंत्रज्ञान गच्चीने वाटले जाणार असेल तर आपण ते मुकाट पाहायचे नाही. अंगणवाडी, शाळा, समाजमंदिर इथे सामूहिक पेट्या झाल्या पाहिजेत आणि त्या चालवणाऱ्या बाईला मानधन मिळाले पाहिजे. गाडगेबाबा याच पट्ट्यात वाढले. त्यांच्या दशसूत्रीत अन्नानंतर लगेच पाणी येते. त्यांच्या नावाने अभियाने काढणाऱ्यांनी एवढे तरी आठवावे.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या ग्रामसभेत मागायचे ते असे:

१. सौरपेटी नळाच्या बदल्यात नाही. पेटी दिली म्हणून नळयोजनेतून गावाचे नाव कमी करता येणार नाही.

२. कुठल्याही नमुन्याची चाचणी गावात, वर्षभर, आणि लिटरबरोबर बाईचे तास मोजून.

३. घरची पेटी बाईच्या नावावर. सामूहिक पेटीवर काम करणारीला मोबदला.

४. पाणी समितीत निम्म्या बाया असाव्यात आणि गावातल्या पाच बायांना पाणी तपासायला शिकवावे, असे जलजीवन मिशनचेच नियम आहेत. त्या पाच जणी कोण, तपासणीचा संच कुठे आहे आणि निकाल फलकावर का नाही, हे विचारायचे.

५. पेटीबरोबर पावसाच्या पाण्याची टाकी.

त्या बैठकीतला इंजिनिअर वाईट नव्हता. जाताना त्याने वहीत लिहून घेतले, "भरणे कोण?" पुढच्या खेपेला त्याने उंचावरची टाकी आणि तोटी लावून आणावी, मग आपण त्याचे लिटर ऐकू. पण नुसती चांगली माणसे भेटण्यावर आपले पाणी अवलंबून ठेवायचे नाही. हंडा मोर्चे काढताना आपण रिकामा हंडा वाजवत गेलो. आता वहीसुद्धा नेऊ आणि तिच्यात लिटरशेजारी तासांचा रकाना आपण आखू.