वॉरंट नसलेल्या लढाया

दरवर्षी १७ सप्टेंबरला हिंगोलीत झेंडावंदन होते, हुतात्म्यांची नावे घेतली जातात. वापटीच्या बहिर्जी शिंदे यांचे स्मारक म्हणून वसमतला महाविद्यालय उभे आहे. ते योग्यच आहे. पण मैत्रिणींनो, या नावांत बाया किती? मराठवाड्यात दगडाबाई शेळके यांचे नाव निघते, कारण त्यांनी हातबॉम्ब टाकले. म्हणजे बाईने शस्त्र उचलले तरच ती सैनिक ठरते!

१९४७-४८ मध्ये आजचा हिंगोली जिल्हा निजामाच्या मुलखात होता आणि पैनगंगेपलीकडे वऱ्हाड. उमरखेडसारख्या ठिकाणच्या कॅम्पांतून कार्यकर्ते सरहद्द ओलांडून येत. रात्री आलेल्या माणसाला भाकर लागते, लपायला जागा लागते, निरोप पोचवणारे कोणी लागते. तो निघून गेल्यावर रझाकारांना तोंड द्यायला घरात कोणी तरी उरावे लागते. हे काम कोणाच्या वाट्याला येते, ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

केंद्र सरकारच्या स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनाला तुरुंगवासाचा किंवा भूमिगत असल्याचा पुरावा लागतो. बायांना सहाऐवजी तीन महिन्यांची कैद पुरते, एवढी सवलत आहे. पण चुलीपुढे केलेल्या कामाचे वॉरंट निघत नसते. मग कागद आणायचा कुठून?

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. १९४२ साली जपानने अलास्काच्या बेटांवर हल्ला केला, तेव्हा त्या थंड, दूरच्या किनाऱ्यावर पहारा द्यायला सहा हजारांहून अधिक स्वयंसेवक उभे राहिले. बहुतेक तिथले आदिवासी, इनुपियात आणि युपिक. पगार नाही. त्यांत बायाही होत्या; पण त्यांतल्या लॉरा राइट यांचे नाव राहिले ते नेमबाजीमुळे. १९४७ मध्ये दल मोडले. या लोकांना माजी सैनिक मानणारा कायदा झाला २००० साली. तोवर कितीतरी जण मरून गेले होते. ‘स्वयंसेवक’ हा शब्द मोठा मानाचा; पण सरकारला तो फार स्वस्तात पडतो.

तेलंगणात स्त्री शक्ती संघटनेच्या बायांनी सरकारची वाट पाहिली नाही. सशस्त्र लढ्यातल्या स्त्रियांना गाठून त्यांनी त्यांच्याच तोंडून तो इतिहास लिहून घेतला आणि १९८६ मध्ये तेलुगूत पुस्तक काढले. लढा संपल्यावर ‘आता घरी जा’ असे ऐकावे लागलेल्या बायाही त्यात बोलल्या.

आपण हे का करू नये? १९४८ साली पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीपुढे आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत गावे वाटून घ्या. आंध आदिवासींच्या पाड्यांवर, बंजारा तांड्यांवर, दलित वस्त्यांत जा. आजी नसेल तर तिच्या लेकीला, सुनेला विचारा. ‘लढ्यात होता का?’ असे विचारलेत तर ती ‘नाही’ म्हणेल. ‘त्या रात्री भाकऱ्या कोणी केल्या?’ असे विचारा. आणि उत्तर तिच्या नावानिशी लिहा, नवऱ्याच्या नव्हे.