तिसरी पायरी वाजते

एडिसनहून निघताना नवरा म्हणाला होता, "पार्कवे जिथे संपतो तिथे जायचंय." मला वाटलं, नेहमीसारखी अतिशयोक्ती. पण खरंच, केप मेला गार्डन स्टेट पार्कवेचा एक्झिट नंबर शून्य आहे! त्याच्यापुढे न्यू जर्सी संपतं आणि समुद्र सुरू होतो.

लग्नाच्या वाढदिवसाला यंदा हॉटेल नको, एखाद्या जुन्या घरातलं बेड अँड ब्रेकफास्ट हवं, हा हट्ट माझा. नवऱ्याचं म्हणणं, "पैसे मोजून लोकांच्या घरी राहायचं? आणि सकाळी दात घासून अनोळखी माणसांच्या पंगतीला बसायचं?" त्याला हॉटेल आवडतं, कारण तिथे आपल्याशी कुणी बोलत नाही. असो.

घर लाकडी, तीन मजली, पिवळं. छपराच्या कडेला आणि ओसरीच्या खांबांना झालरीसारखी कोरलेली नक्षी, ओसरीत झुलत्या खुर्च्या. काउंटर नाही, घंटी नाही. सत्तरीच्या मालकीणबाई ॲप्रनला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आलात? चहा आत्ताच मांडलाय." मग जिना दाखवत, "तिसरी पायरी वाजते, दचकू नका. घरातलं सगळ्यात जुनं माणूस तीच आहे."

नवरा बॅग घेऊन त्या अरुंद जिन्यावरून चढला आणि तिसऱ्या पायरीवर थांबला. परत खाली आला. परत पाय ठेवला. कर्रर्र... माझ्याकडे बघून काही बोलला नाही. पण मला कळलं. आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्याचा माडीचा जिना असाच वाजायचा.

खोलीत उंच पलंग, चढायला छोटं स्टूल, नखं असलेल्या पायांचा बाथटब. टीव्ही नाही. खिडकीची काच जुनी, त्यातून समोरचं झाड जरा वाकडं दिसत होतं. मी फोटो काढत सुटले आणि नेहमीचं वाक्य तोंडातून गेलंच. "बघ, या लोकांना जुन्याची कदर आहे. आपल्याकडे कुणाला काही नाही."

हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं म्हणते आहे. आता ते मला पटत नाही, आणि हा सगळा लेखनप्रपंच त्यासाठीच.

चहाच्या वेळी मालकीणबाईंना मी तेच ऐकवलं, तर त्या हसल्याच. "कदर? अहो, या गावाकडे पाडायला पैसे नव्हते!" आणि ते खरंच आहे. १८७८ च्या नोव्हेंबरात लागलेल्या आगीत इथला सुमारे ३५ एकरांचा भाग मोठमोठ्या हॉटेलांसकट जळाला. लोकांनी पुन्हा बांधलं ते लहान प्रमाणावर, त्या वेळच्या फॅशनची झालर लावून. पुढे पैसेवाले पाहुणे अटलांटिक सिटीकडे वळले, गाव मागे पडलं आणि घरं तशीच राहिली. मार्च १९६२ च्या वादळाने किनारा झोडपला. त्यानंतर इथेही 'पाडा आणि नवं बांधा'चा सूर होताच. १९७० मध्ये फिजिक हाऊस नावाचं घर पाडायला निघाले, तेव्हा ते वाचवायला लोकांना संस्था काढावी लागली. १९७६ मध्ये अख्ख्या गावालाच राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

पण दर्जाने छप्पर गळायचं थांबत नाही. ते थांबवलं खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी. अमेरिकेत राष्ट्रीय नोंदीतली जुनी इमारत नियमाप्रमाणे दुरुस्त केली तर खर्चाच्या २० टक्के रक्कम करातून वळती होते, पण ती इमारत उत्पन्न देणारी असेल तरच. नुसतं राहायचं घर असेल तर ही केंद्राची सवलत नाही. म्हणजे सरकारही सांगतंय, आठवणी काढत बसू नका, घराला कामाला लावा.

आमचा वाडाही कामाला लागलेलाच होता की. सात भाडेकरू. पण १९४७ च्या भाडे कायद्यापासून भाडी जी गोठली, ती गोठलीच. एका बिऱ्हाडाचे महिना चाळीस रुपये होते. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, म्हणजे एक रुपया साठ पैसे! सासूबाई त्यात कौलं कशी फिरवणार होत्या? भाडेकरूंना तरी दोष कसा द्यायचा, तेही त्याच गळक्या छपराखाली राहत होते.

२०११ मध्ये बिल्डरचे कागद कुरियरने एडिसनला आले. नवऱ्याने जेवणाच्या टेबलावर सही केली. मी त्या रात्री रडले, आणि नंतर कितीदा तरी त्याला टोमणे मारले. मोठ्या जाऊबाई मात्र फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या, "तुम्हाला चौकातलं तुळशीवृंदावन आठवतं, मला रात्री अंगणातून संडासला जाणं आठवतं." तेव्हा मला त्यांचा राग आला होता. त्या तिथे तीस वर्षं राहिल्या. मी सुट्टीत, पंधरा पंधरा दिवस.

माझं स्पष्ट मत आहे, जुन्या घरावर बोलायचा पहिला हक्क त्यात पहाटे उठणाऱ्या माणसाचा. या बाई वर्षानुवर्षं रोज पाचला उठतात, आठ माणसांचा नाश्ता करतात, समुद्राच्या खाऱ्या हवेने सोलवटलेला रंग दर काही वर्षांनी पुन्हा काढून घेतात. मुलगा शिकागोला आहे आणि त्याला हे घर नको आहे, हेही त्यांनीच सांगितलं, चहात साखर ढवळत. अगदी सहज.

रात्री दिवा मालवल्यावर नवरा म्हणाला, "मी सही करायला नको होती का?"

इतक्या वर्षांत त्याने हे पहिल्यांदा विचारलं. नेहमीचं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं.

"आपण गेलो असतो का तिथे राहायला?" मी म्हटलं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तू आंघोळीला बंब पेटवला असतास?"

दोघंही हसलो, अगदी दबक्या आवाजात, कारण भिंती पातळ. नंतर मला झोप लागली. पहाटे जिन्यावर कर्रर्र झालं. बाई स्वयंपाकघरात निघाल्या होत्या. शेजारी नवरा जागाच होता.

"तिसरी," तो म्हणाला.