बौद्ध स्त्रियांनी मृत्युपत्र का करावे?

नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांना एक आवाहन केले. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 15 ला आव्हान देणाऱ्या याचिकेवर न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती आर. महादेवन यांच्या खंडपीठाने वैधतेचा प्रश्न खुला ठेवला. मात्र स्त्रियांनी, विशेषतः हिंदू स्त्रियांनी, आपले मृत्युपत्र तातडीने करून ठेवावे, असे सांगितले. मथळ्यात ‘हिंदू महिला’ हे शब्द पाहून आपल्यापैकी अनेकांनी ती बातमी आपली नाही म्हणून सोडून दिली. ती आपलीही आहे.

हा कायदा 17 जून 1956 रोजी लागू झाला. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात आपल्याला धम्म दिला. आपण धर्म बदलला, पण कलम 2 नुसार वारसाहक्कासाठी बौद्धांनाही हाच कायदा लागू होतो. स्वतंत्र बौद्ध कायद्याची मागणी रास्त आहे. ती मान्य होईपर्यंत तलाठी, बँक आणि न्यायालय आपले वारस याच कायद्याने ठरवणार.

पुरुषाला एक नियम, स्त्रीला दुसरा

पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना समान वाटा मिळतो. स्त्रीचे तसे नाही. तिच्या मालमत्तेवर आधी मुले आणि नवरा यांचा हक्क. ते नसतील तर नवऱ्याचे वारस. तिच्या स्वतःच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर लागतो. माहेरकडून वारशाने आलेली मालमत्ता, मूलबाळ नसल्यास, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. पण तिने स्वतः कमावलेल्या पैशाला ही सवलत नाही.

याचा अर्थ काय, हे 2009 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात दिसते. लग्नानंतर तीनच महिन्यांत एक स्त्री विधवा झाली. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरच्या आधाराने ती शिकली, नोकरी केली, पैसा साठवला. मृत्युपत्र न करता ती वारली आणि तिची स्वकष्टाची मिळकत नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळाली. सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती.

परित्यक्ता भगिनींचा प्रश्न तर आणखी गंभीर आहे. नवऱ्याने टाकले, वीस वर्षे तोंड पाहिले नाही, पण कायदेशीर घटस्फोट झाला नसेल तर तो तिचा वारस आहेच. एकट्या आईने मुलांसाठी घेतलेल्या घरात तोही वाटा मागू शकतो. हे टाळण्याचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे मृत्युपत्र.

नाशिकमध्ये हा प्रश्न आजच का?

नाशिकरोडचे प्रेस, ओझरचे एचएएल, सातपूर-अंबडच्या कंपन्या यांत राबून आपल्या अनेक कुटुंबांनी पहिल्यांदा स्वतःच्या नावावर घर केले. ती पिढी आता निवृत्त झाली आहे. मागे ठेवण्यासारखे काही असलेली आपल्याकडची ही बहुधा पहिलीच पिढी. परिचारिका, शिक्षिका, अंगणवाडी सेविका असलेल्या आपल्या भगिनींची बचतही त्यात आहे. मृत्युपत्राचा विषय काढला की घरात ‘अशुभ बोलू नका’ म्हणतात. अनित्यतेची शिकवण रोज ऐकणाऱ्या समाजाने तरी असे म्हणू नये.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मृत्युपत्राने स्वकष्टार्जित मालमत्तेतून मुलीला वगळताही येते. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात मुलीला मुलाइतका वाटा ठेवला होता. ते बिल मार्गी लागेना, हे 1951 च्या त्यांच्या राजीनाम्याचे एक मोठे कारण होते. त्यांची जयंती साजरी करून बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेणारा भाऊ आपल्या वस्त्यांत दुर्मीळ नाही. मृत्युपत्र समतेचे असेल तरच ते आपले.

नेमके काय करावे?

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, स्टॅम्प पेपर लागत नाही. दोन साक्षीदार हवेत आणि आपण सही करताना किंवा अंगठा देताना दोघांनीही पाहिलेले असावे. साक्षीदार आपल्यापेक्षा लहान वयाचे आणि मालमत्तेत वाटा नसलेले निवडावेत, कारण पुढे न्यायालयात त्यांची साक्ष लागू शकते. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधक कार्यालयात ती केलेली बरी. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते.

बँकेत किंवा विम्यात नॉमिनी लावला म्हणजे काम झाले, हा समज चुकीचा आहे. नॉमिनी सहसा पैसे स्वीकारणारा असतो, मालक नव्हे. गावाकडची जमीन वतनाची किंवा भोगवटादार वर्ग 2 ची असेल तर तिला वेगळ्या अटी असतात, म्हणून सातबारा घेऊन आधी सल्ला घ्यावा. स्त्रियांना आणि अनुसूचित जातींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला मिळतो.

लिहून ठेवण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. त्रिरश्मी लेण्यातील दहाव्या लेण्यात सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा उषवदाताचा शिलालेख आहे. भिक्खूंच्या चीवरासाठी आणि इतर गरजांसाठी त्याने 3000 कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. मुद्दल कायम ठेवायचे आणि व्याज वापरायचे, असे ठरले. व्याजाचा दर लिहिला, दान निगमसभेत जाहीर केले, नोंदवले आणि मग दगडात कोरले.

आपल्याला दगड नको, एक कागद पुरे. येत्या वर्षावासात प्रत्येक विहारात एक रविवार यासाठी ठेवावा. एक वकील बोलवावा आणि युवकांनी आधी आपल्या आईला, मावशीला, आत्याला घेऊन यावे. जिने आयुष्यभर कमावले, तिची कमाई कोणाला मिळावी हे तिनेच ठरवावे.

जय भीम!