पंधरा कर्मादाने आणि आजचे भांडवल

श्रावकाच्या बारा व्रतांपैकी सातवे व्रत भोगोपभोगपरिमाणाचे. त्या व्रताच्या अनुषंगाने शास्त्रकारांनी पंधरा कर्मादाने सांगितली आणि हे धंदे श्रावकाने करू नयेत असा दंडक घालून दिला. कोळशाच्या भट्ट्यांचे इंगालकर्म, जंगलतोडीचे वनकर्म, विषाचा व्यापार, रानाला वणवा लावणे, तळी व सरोवरे आटविणे ही नावे त्या यादीत आहेत. प्रतिक्रमणात आपण ती उच्चारतो; परंतु दुसऱ्या दिवशी पेढीवर बसल्यावर त्यांचा आपल्या वहीखात्याशी काही संबंध आहे असे आपणांपैकी फार थोड्यांना वाटत असेल. यंदाच्या स्मरणिकेत याच गोष्टीकडे सभासदांचे लक्ष वेधावे असे आम्हांस वाटते. कारण जो प्रश्न आजवर साधुसाध्वी व्याख्यानात विचारीत, तोच आता बँका, रोखेबाजार आणि दूरदेशचे गिऱ्हाईक विचारू लागले आहेत: हा पैसा कशातून आला, आणि कशात जाणार?

या विचारपद्धतीला 'शाश्वत वित्त' असे नाव मिळाले आहे. नाव भारदस्त असले तरी अर्थ सोपा आहे. कर्ज देणाऱ्याने किंवा भांडवल गुंतविणाऱ्याने केवळ व्याज व तारण न पाहता, त्या धंद्यापासून हवा, पाणी आणि माणसे यांचे काय होते हेही पाहावे. यात परोपकारापेक्षा सावधगिरीचा भाग अधिक आहे. ऑगस्ट 2006 मध्ये तापीला महापूर आला आणि सुरतेचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. गोदामातील माल भिजला म्हणजे त्या मालावर कर्ज देणाऱ्याची रक्कमही भिजते. तापीकाठच्या कामरेजकरांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

'हे सारे मोठ्या कंपन्यांसाठी. आमच्यासारख्या लहान व्यापाऱ्यांचा त्याशी काय संबंध?' असे अनेक सभासद विचारतील. संबंध आहे. भागभांडवल बाजारात नोंदलेल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना सेबीने 2022-23 या वर्षापासून जबाबदारीचा वार्षिक अहवाल सक्तीचा केला. वीज किती, पाणी किती, मैला कोठे सोडला, कामगारांचे काय, हे त्यांना लिहून द्यावे लागते. अशी कंपनी कापड घेते ती रंगाईच्या कारखान्याकडून, आणि तो कारखाना माल घेतो आपल्याकडून. वरच्या पायरीवर विचारलेला प्रश्न आज ना उद्या खालच्या पायरीवर येतोच. त्या दिवशी ज्याच्या चोपड्यात उत्तर लिहिलेले नसेल, त्याचे गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल.

हा हिशेब ठेवता येतो आणि तो परवडतोही, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले आहे. 2019 साली गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुरतेत कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांसाठी धुराच्या कणांचा बाजार सुरू केला. अशा कणांसाठी निघालेला जगातील हा पहिलाच बाजार. धुराड्यावर मोजणीचे यंत्र बसवावयाचे. एकंदर किती कण हवेत सोडता येतील त्याची मर्यादा ठरवावयाची. तेवढ्याचे परवाने कारखान्यांत वाटावयाचे. ज्याने धूर कमी केला त्याने उरलेले परवाने विकावे, ज्याला जमले नाही त्याने विकत घ्यावे. यांत बहुतेक कारखाने कापडाचेच होते. रोहिणी पांडे, मायकेल ग्रीनस्टोन आदी अर्थशास्त्रज्ञांनी या प्रयोगाचा जो अभ्यास 2025 साली प्रसिद्ध केला, त्यानुसार बाजारात आलेल्या कारखान्यांचा कणरूपी धूर 20 ते 30 टक्क्यांनी घटला, आणि तो घटविण्याचा खर्चही जुन्या पद्धतीहून कमी आला. पाण्याचेही तसेच. बमरोली येथे महानगरपालिका सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना विकते. पालिकेला उत्पन्न होते, कारखान्याला पाणी मिळते, आणि तेवढे पाणी नदीतून उपसावे लागत नाही.

तथापि एक आक्षेप आम्हांस खरा वाटतो. मोजणीचे यंत्र, तपासनिसाची फी, कागदपत्रांची भेंडोळी हा भार मोठ्या कारखानदाराला जाणवत नाही. लहानाचा मात्र त्याने कणा वाकतो. स्वच्छतेच्या नावाखाली लहान मनुष्य बाजारातून उठला, तर त्यात कोणती अहिंसा? म्हणून हा भार एकेकट्याने न उचलता संघाने उचलला पाहिजे.

सभासद केवळ व्यापारी नाहीत, गुंतवणूकदारही आहेत. घरोघरच्या ठेवी, रोखे, विश्वस्त निधी यांची जबाबदारी आपल्यावर आहे. इंदूर महानगरपालिकेने सूर्यशक्तीवर वीज निर्माण करण्यासाठी 2023 साली 244 कोटी रुपयांचे हरित रोखे काढले आणि लोकांनी त्यांस मागणीहून कितीतरी अधिक रक्कम देऊ केली. रिझर्व्ह बँकेने 1 जून 2023 पासून हरित ठेवींचे नियम लागू केले. त्या ठेवी घेणाऱ्या बँकेने पैसा कोठे लावला याची त्रयस्थाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. परंतु हिरवा शिक्का मारला म्हणून माल हिरवा होत नाही. सोन्याला कस लावल्याशिवाय जो पैसा मोजीत नाही, त्याने रोख्यालाही कस लावावा. रक्कम कोणत्या कामाला गेली, ते काम झाले काय, तपासले कोणी, एवढे तीन प्रश्न पुरेत.

आमची सूचना थोडक्यात अशी. येत्या वर्षी संघाने एक जाणता मनुष्य नेमावा. त्याने सभासदांच्या पेढ्यांना व कारखान्यांना कोळसा, वीज, पाणी आणि टाकाऊ माल यांची साधी नोंदवही ठेवण्यास शिकवावे, व तपासणीचा खर्च संघाने वाटून घ्यावा. संघाच्या स्वतःच्या निधीबद्दलही वार्षिक सभेत सांगावे की तो कोणत्या धंद्यात गुंतला आहे. इंगालकर्माचे नाव आपण मुखाने घेतो आणि आपल्याच ठेवीतून कोणाची भट्टी धगधगते हे विचारीत नाही, ही विसंगती तरुण सभासदांच्या ध्यानात आली आहे. घरात ते प्रश्न विचारू लागले आहेत. त्यांना गप्प करण्यापेक्षा त्यांच्या हाती वही देणे, हेच आमच्या मते वडीलधाऱ्यांचे कर्तव्य होय.