सालब मिश्री येते कुठून?

इतवारीतल्या जडीबुटीच्या दुकानांत सालब मिश्री मिळते. हिवाळ्यात ताकदीसाठी ती दुधातून घेणारी घरे आपल्यात आहेत. पण हा ऑर्किडचा कंद आहे, हे थोड्यांनाच माहीत असते. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे आधी शब्दाकडे पाहतो. अरबीत 'सालब' म्हणजे कोल्हा. जोडकंदांच्या आकारावरून युनानीत 'खुसियतुस्सालब', म्हणजे कोल्ह्याचे वृषण, हे नाव पडले. ग्रीक 'ऑर्किस'चा अर्थही वृषण असाच आहे.

या कंदाची करामत मात्र नावापेक्षा मोठी आहे. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक. त्यात अंकुरासाठी शिधाच नसतो. जमिनीतली बुरशी आत शिरून अन्न पुरवते तेव्हाच ते रुजते. पण तीच बुरशी मोकाट सुटली तर रोपाला खाऊन टाकेल. फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी कंदाचे तुकडे बुरशीजवळ ठेवले, तेव्हा तिची वाढ काही अंतरावरच थांबली. हे निरीक्षण १९११ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. पुढे १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये गॉयमान आणि सहकाऱ्यांनी अशा कंदातून एक बुरशीरोधक रसायन वेगळे केले आणि त्याला 'ऑर्किनॉल' नाव दिले. ते आधीपासून साठवलेले नसते. बुरशीची चाहूल लागली की कंद ते बनवतो. मुळांत बुरशीला मुभा, कंदात मज्जाव.

कुदळीवर असले औषध नाही. कंद खणला की रोप संपते. हिमालयातला सालम पंजा असाच खणून खणून दुर्मीळ झाला. ऑर्किडचे सगळे कुळ 'साइटिस' या आंतरराष्ट्रीय कराराखाली आहे. पण तो करार देशांमधल्या व्यापाराचा. आपल्याच जंगलातून आपल्याच बाजारात येणारा माल त्याने थांबत नाही.

कुणी म्हणेल, हा आपला हकिमी वारसा आहे, आणि खणणाऱ्या गरिबाचे पोटही त्यावर आहे. दोन्ही खरे. पण जंगलातला कंदच संपला तर वारसाही जाईल आणि रोजीही. म्हणून दुकानदाराला विचारा, माल लागवडीचा की जंगलातला? सांगता आले नाही तर घेऊ नका. हकीमसाहेबांना दुसरा उपाय विचारा. सफेद मुसळीची शेती तर आपल्या विदर्भातही होते. वनखाते विचारेल म्हणून थांबायचे कारण नाही. युनानीचा अभिमान सांगणाऱ्यांनीच हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.