वहीत पाण्याचा रकाना कुठंय?

मित्रांनो, स्वतःच्या गाळ्यात दुकान टाकून भाडं शून्य धरणारा दुकानदार नफा फुगवून बघतो, हे आपण व्हिडिओत खूपदा बोललोय. आपल्या बीडचा शेतकरी पाण्याच्या बाबतीत नेमकं तेच करतो. बी, खत, मजुरी सगळं लिहितो, पाणी लिहीत नाही. 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत, मग तर पाणी फुकटच वाटणार! माजलगावच्या कालव्याची पाणीपट्टी भरत असाल तरी तो सरकारी दर झाला. पाण्यानं तुम्हाला काय कमावून दिलं, ते त्यात नसतं.

ते काढायचं असं: पाणी दिल्यामुळे वाढलेलं उत्पन्न घ्या, त्यासाठी वाढलेला खर्च वजा करा (घरची मजुरी धरून बरं का), आणि उरलेल्याला पाण्यानं भागा.

आकडे मी धरलेत, तुम्ही तुमचे टाका. एकरी 40 टन ऊस, 2,800 चा भाव, म्हणजे 1,12,000. खर्च आणि त्याच रानात कोरडवाहूत जे सुटलं असतं ते मिळून 70,000 वजा. उरले 42,000. पाऊस सोडून मोकाट पाणी साधारण 60 लाख लिटर. हजार लिटरला 7 रुपये.

आता हरभरा. दोन पाळ्यांनी एकरी 4 क्विंटल वाढला, 5,000 नं 20,000. जादा खर्च 5,000 गेला, उरले 15,000. पाणी 5 लाख लिटर. हजार लिटरला 30 रुपये!

तुम्ही म्हणाल, ऊस कारखाना नेतो, एफआरपी ठरलेली असते, हरभऱ्याचा भाव कधी पडेल सांगता येत नाही. खरंय, आणि या खात्रीला किंमत आहेच. पण हरभरा 3,000 वर आला तरी हजार लिटरला 14 रुपये पडतात. दोनच एकर रान आणि बारमाही विहीर असेल, तर एकरी हिशोब करा, ऊस लावा, माझं काही म्हणणं नाही. पण साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात बहुतेकांकडे रान जास्त, पाणी कमी. तिथं एकरी नफा बघणं मला तरी चुकीचं वाटतं.

हाच दर शेततळ्याला लावा. बाष्प होऊन जाणारं सोडून 20 लाख लिटर हाती राहिलं, तर चार एकर हरभऱ्याच्या दोन पाळ्या होतात, म्हणजे वर्षाला 60,000. खुदाई आणि कागदाचं कोटेशन याच्याशेजारी ठेवा, मगच सही करा.