परिचर्येची उजळणी कोणी करावयाची?

सरकारी रुग्णालयात काही अघटित घडले की पुढचा क्रम ठरल्यासारखा असतो. चौकशी समिती नेमली जाते, समिती अहवाल देते आणि अहवालाच्या शेवटी परिचारिकांसाठी उजळणी वर्ग भरविण्याची सूचना येते. हात कसे धुवावेत, नाडी व श्वास कसे मोजावेत, औषध देण्यापूर्वी काय पडताळावे, हे त्यांना पुन्हा एकदा शिकविले जावे, असा तिचा आशय असतो. सूचना अयोग्य नाही. परिचर्येची मुळाक्षरे वारंवार घोटावीच लागतात. परंतु ही मुळाक्षरे परिचारिकेला ठाऊक नसतात म्हणून रोगी दगावतो, की ठाऊक असूनही ती आचरणात आणण्याजोगी परिस्थिती तिच्याभोवती नसते म्हणून दगावतो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. ते वाचण्याची तसदी मात्र राज्यकर्त्यांनी अर्धीच घेतली.

ही मुळाक्षरे कोणती? रोग्याला स्पर्श करण्यापूर्वी व नंतर साबणाने हात धुणे. ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब ठराविक वेळी मोजून केसपेपरवर लिहिणे. औषध देताना रोगी तोच, औषध तेच, मात्रा तीच, मार्ग तोच आणि वेळ तीच, या पाच गोष्टींची खात्री करणे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलणे, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. ड्यूटी संपताना पुढच्या परिचारिकेला प्रत्येक रोग्याची स्थिती तोंडी व लेखी सांगणे. यांतील एकाही कृतीला महागडे यंत्र लागत नाही. सर्वांना लागतो तो वेळ, आणि वेळ म्हणजे माणसे. अर्थशास्त्राच्या भाषेत परिचर्या हा असा श्रम आहे, की ज्याचा वेग वाढविला तर उत्पादन वाढत नाही, केवळ गुणवत्ता घटते. एका मिनिटाचे श्वास मोजायला एक मिनिटच लागते.

या श्वासमोजणीचा इतिहास गडचिरोलीशी जोडलेला आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८६ पासून या जिल्ह्यात काम आरंभिले. बालकांच्या मृत्यूंमध्ये न्युमोनियाचा वाटा मोठा होता, आणि त्याची खूण म्हणजे वाढलेला श्वास. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक, म्हणजे धोका. परंतु साठापर्यंत अंक न येणाऱ्या सुइणीने ते मोजावेत कसे? तिच्यासाठी मण्यांची चौकट आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ तयार करण्यात आले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपेपर्यंत मणी कुठवर गेले ते पाहायचे. निरक्षर स्त्रीच्या हाती अचूक निदान आले.

पुढचे पाऊल अधिक धाडसाचे होते. १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत, अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून घरोघरी नवजात बालकांची परिचर्या सुरू करण्यात आली. बाळाचे वजन घेणे, तापमान मोजणे, त्याला उबेत ठेवणे, लवकर अंगावर पाजायला लावणे, हात धुऊनच बाळाला घेणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास इंजेक्शन देणे, हा त्या परिचर्येचा आशय होता. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्यूचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. पदवीधर डॉक्टरांनाही हेवा वाटावा असे हे यश गावातल्या स्त्रीने मिळविले होते.

या यशातून एक धडा सर्वांनी उचलला: सामान्य स्त्रीला परिचर्या शिकविता येते. दुसरा धडा तितकाच महत्त्वाचा होता, आणि तो मागे पडला. त्या स्त्रीवर एकाच गावाची जबाबदारी होती. तिच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर व औषधे होती. तिचे शिक्षण एकदा वर्ग भरवून संपले नव्हते, ते सतत चालू होते. तिच्या नोंदी गावात येऊन पडताळल्या जात, आणि त्या पडताळणीचा हेतू शिक्षा हा नसून सुधारणा हा होता. मर्यादित भार, हाताशी साधने, चालू शिक्षण आणि विश्वासाची देखरेख, हे चार खांब काढून घेतले तर मुळाक्षरे पाठ असूनही उपयोग होत नाही.

केंद्र सरकारने २०११ साली घरोघरीच्या नवजात परिचर्येची योजना ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेली, हे स्वागतार्हच होते. परंतु मोबदला किती ठरला? रुग्णालयातील बाळंतपणानंतर सहा भेटी, घरच्या बाळंतपणानंतर सात, आणि बेचाळीस दिवसांअखेर या सर्वांचे मिळून २५० रुपये. म्हणजे एका भेटीचे बेचाळीस रुपयेदेखील नाहीत. पुन्हा ‘आशा’ ही कर्मचारी नव्हे, स्वयंसेविका, अशी मखलाशी केली गेली. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने अशा योजनांतील स्त्रियांना कामगार मानावे व किमान वेतन द्यावे अशी शिफारस केली, तरी ती मखलाशी टिकून राहिली. गडचिरोलीची पद्धत सरकारने उचलली, तिची किंमत मात्र त्या स्त्रीच्या पदरातून वसूल केली.

आता उपकेंद्राकडे पाहू. मैदानी भागात पाच हजार लोकसंख्येमागे एक आणि आदिवासी व डोंगराळ भागात तीन हजारांमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. ही आदिवासींना दिलेली सवलत म्हणून सांगितली जाते. तिचा हिशेब मांडून पाहावा. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीची घनता दर चौरस किलोमीटरला ७४ होती, राज्याची ३६५. म्हणजे राज्याच्या सरासरीने पाच हजार माणसे सुमारे १४ चौरस किलोमीटरमध्ये सापडतात, गडचिरोलीत तीन हजार माणसांसाठी ४० चौरस किलोमीटर हिंडावे लागते. सवलतीनंतरही येथील परिचारिकेच्या वाट्याला जवळजवळ तिप्पट प्रदेश येतो. आणि तो प्रदेश म्हणजे सरळ रस्ता नव्हे. जंगल, नाले आणि पावसाळा यांचे राज्य तेथे असते; पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटणे, हा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. माणसे मोजून निकष ठरविणाऱ्याने अंतर मोजले नाही.

रुग्णालयातील वॉर्डाचे गणितही असेच आहे. समजा, चाळीस रोग्यांचा वॉर्ड आहे आणि आठ तासांच्या पाळीत एकच परिचारिका आहे. प्रत्येकाचा ताप, नाडी, श्वास व रक्तदाब घेऊन नोंद करायला पाच मिनिटे धरली तर २०० मिनिटे लागतात. साबणाने नीट हात धुवायला निदान ४० सेकंद हवेत. प्रत्येक रोग्यापूर्वी व नंतर धुतले तर आणखी ५३ मिनिटे गेली. एक फेरी २५३ मिनिटांची झाली. पाळी आहे ४८० मिनिटांची. दुसरी फेरी पुरी होण्याआधीच पाळी संपते, आणि अजून एकालाही गोळी दिलेली नाही, सलाईन बदललेली नाही, कोणाची कूस पालटलेली नाही. अशा वेळी परिचारिका काय करते? ती हात धुणे सोडते, श्वास अंदाजाने लिहिते. तिला उजळणी वर्गाला पाठविले तर त्या दिवशी वॉर्डात तीही नसते.

भारतीय परिचर्या परिषदेचे जुने मानक सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक आणि अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका असे आहे. चंद्रपूरला २०१५ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, गडचिरोलीच्या महाविद्यालयाला २०२४ मध्ये मान्यता मिळाली. महाविद्यालय आले की तीनास एक हे मानकही आले पाहिजे. फलक बदलला आणि परिचारिकांची पदे जुनीच राहिली, तर रुग्णालय केवळ नावाने मोठे होते.

भार जसा निर्णायक, तशीच नोकरीची शाश्वतीही. या दोन्ही जिल्ह्यांना लागून असलेल्या भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटेपूर्वी नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बालके मृत्युमुखी पडली. सात वाचविण्यात आली. त्यानंतर जी कारवाई जाहीर झाली तिची भाषा पाहण्यासारखी होती. कायम सेवेतील अधिकाऱ्यांचे निलंबन किंवा बदली. कंत्राटी परिचारिकांची सेवासमाप्ती. निलंबित माणसाला चौकशी असते, निर्वाह भत्ता असतो, परतीची वाट असते. सेवा समाप्त झालेल्या स्त्रीला यांपैकी काहीच नसते. पुढे फेब्रुवारीत गुन्हा नोंदविला गेला तो दोन परिचारिकांवर. त्यांच्या वर्तनाचा न्याय न्यायालयाने करावा. परंतु त्या कक्षाची वीजवाहिनी, अग्निशमनाची सोय आणि तिची तपासणी ही परिचारिकेची कामे नव्हती, हे सांगायला न्यायालयाची गरज नाही. राज्यभरातील नवजात कक्षांच्या तपासणीचे आदेश निघाले ते या मृत्यूंनंतर.

अकरा महिन्यांच्या करारावर असलेली परिचारिका वरिष्ठाला ‘हे उपकरण धोक्याचे आहे, मी ते लावणार नाही’ असे म्हणू शकत नाही. चूक झाली तर ती नोंदवू शकत नाही, लपविते. आणि लपविलेली चूक पुन्हा घडते. म्हणूनच मे २०२२ मध्ये बाह्यस्रोतांद्वारे भरतीच्या विरोधात राज्यातील परिचारिकांनी जो संप केला, तो रोग्याच्या सुरक्षिततेचाही संप होता. कंत्राटी भरतीसंबंधीचा सप्टेंबर २०२३ चा शासननिर्णय जनमताच्या रेट्याने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रद्द करावा लागला. अर्थात निर्णय रद्द होतो तेव्हा प्रवृत्ती रद्द होत नाही.

परिचारिकेला देवदूत म्हणून गौरविण्याची रीत या प्रवृत्तीला सोयीची आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या हातातला दिवा सर्वांना आठवतो. १८५४ च्या अखेरीस त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. पण त्या हिवाळ्यात सेवा अखंड चालू असूनही सैनिकांचे मृत्यू वाढतच गेले. मार्च १८५५ मध्ये सरकारी स्वच्छता आयोगाने तुंबलेली गटारे उपसली, पाणी व हवा शुद्ध केली, तेव्हा मृत्यू झपाट्याने घटले. नाइटिंगेल यांनी हा धडा घेतला, आणि उरलेले आयुष्य आकडेवारी हाती घेऊन सरकारशी झगडण्यात घालविले. शासकीय समारंभांत दिवा तेवढा लावला जातो, आकडेवारी विसरली जाते.

पैसा नाही, हे उत्तर या दोन जिल्ह्यांत तरी देता येणार नाही. चंद्रपूरचा कोळसा व सिमेंट आणि सुरजागडचे लोहखनिज यांतून संपत्ती बाहेर जाते. २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले, आणि आरोग्य हे त्याच्या अग्रक्रमाच्या क्षेत्रांपैकी एक आहे. प्रश्न खर्चाच्या रीतीचा आहे. इमारतीचे व यंत्राचे उद्घाटन करता येते, कोनशिला बसविता येते. परिचारिकेच्या पदाचे उद्घाटन होत नाही, आणि तिचे वेतन दर महिन्याला द्यावे लागते. म्हणून यंत्र येते आणि ते चालविणारे हात येत नाहीत.

तथापि चळवळीनेही एका गोष्टीकडे डोळेझाक करू नये. हात न धुणारी परिचारिका कायम असो वा कंत्राटी, रोग्याला सारखीच धोकादायक असते. आणि तो रोगी बहुधा माडिया, गोंड किंवा भूमिहीन असतो. त्याला दुसरे रुग्णालय परवडत नाही. श्रमिकाचा हक्क आणि रोग्याचा हक्क यांत तंटा लावून देणे हा सत्ताधाऱ्यांचा जुना डाव आहे. त्याला उत्तर एकच: संघटनेच्या मागण्यांच्या यादीत वेतनश्रेणीच्या शेजारी रोगी-परिचारिका प्रमाण, हात धुण्याचे पाणी आणि चूक नोंदविणाऱ्याला संरक्षण ही कलमे आली पाहिजेत.

कार्यकर्त्यांना यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला. जी ग्रामसभा बांबूचा हिशेब ठेवू शकते ती उपकेंद्राचाही ठेवू शकते. तिला पाच प्रश्न पुरतील. मंजूर पदे किती व भरलेली किती? नळाला पाणी आणि शेजारी साबण आहे काय? थर्मामीटर, वजनकाटा व रक्तदाबाचे यंत्र चालते काय? परिचारिकेला मुक्कामासाठी सुरक्षित घर आहे काय? गेल्या वर्षी तिला किती दिवस शिक्षण मिळाले? उत्तरे भिंतीवर लिहावीत, रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत वाचावीत आणि खनिज निधीच्या आराखड्याशी ताडून पाहावीत. परिचारिकेची उजळणी अवश्य व्हावी. या पाच प्रश्नांची उजळणी मात्र शासनाकडून दर महिन्याला करून घ्यावी लागेल.